खिशातला कोल्पोस्कोप: आधी पाहा, मग पिशवीचे ठरवा

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्या वेळी झालेल्या सर्वेक्षणात ८२ हजार ३०९ ऊसतोड स्त्रियांची माहिती घेतली गेली. त्यांपैकी १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. त्यांत चाळिशीही न गाठलेल्या कितीतरी होत्या. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते म्हणून दवाखान्यात गेलो, तर "पिशवी खराब झाली आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल" असे सांगितले, अशी तक्रार अनेकींनी केली.

आता दुसरी बाजू पाहू. २०२२ च्या जागतिक कर्करोग अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले आणि जवळपास ८० हजार स्त्रिया या आजाराने दगावल्या. हा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. सुरुवातीच्या बदलापासून कॅन्सर होईपर्यंत साधारण १५ ते २० वर्षे जातात. एवढा वेळ हाताशी असूनही या स्त्रिया वाचत नाहीत, कारण त्यांची तपासणीच होत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांमागे जेमतेम दोघींनी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी करून घेतलेली आढळली.

एकीकडे न तपासता पिशवी काढली जाते आणि दुसरीकडे न तपासल्यामुळे जीव जातो. दोन्हींचे मूळ एकच आहे: त्या बाईच्या गर्भाशयमुखाकडे कोणी नीट पाहिलेलेच नसते. ते पाहण्याचे साधन गेल्या दहा-बारा वर्षांत हातात मावेल एवढे लहान आणि पूर्वीपेक्षा पुष्कळ स्वस्त झाले आहे. ते साधन काय आहे, त्याने काय कळते, काय कळत नाही आणि आपल्या भगिनींनी त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवावी, हे या लेखात पाहू.

पाहायचे काय असते?

गर्भाशयाचा खालचा, योनीत उघडणारा भाग म्हणजे गर्भाशयमुख, बोलीत पिशवीचे तोंड. ते शरीराच्या आत असले तरी पोट न उघडता डोळ्यांनी दिसू शकते. ज्या ठिकाणी दोन वेगवेगळ्या प्रकारच्या पेशींची सीमा असते, तिथेच बहुतेक वेळा बिघाड सुरू होतो. बिघाडाचे कारण एचपीव्ही नावाचा विषाणू. हा संसर्ग इतका सर्वसाधारण आहे की लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी होतोच, आणि बहुतेकांच्या शरीरातून तो दोन वर्षांच्या आत आपोआप निघूनही जातो. म्हणून एचपीव्ही सापडला यावरून कोणत्याही बाईच्या वागणुकीबद्दल बोट दाखवण्यात काही अर्थ नाही. काही जणींच्या शरीरात मात्र तो ठाण मांडून बसतो आणि पेशी बदलू लागतात. ही असते कॅन्सरपूर्व अवस्था. या टप्प्यावर बाईला काहीही त्रास होत नाही, आणि नेमका याच टप्प्यावर आजार पूर्ण बरा होतो.

बदललेल्या पेशी नुसत्या पाहून ओळखू येत नाहीत. त्यासाठी दोन साध्या द्रावणांची मदत घेतात. पहिले म्हणजे तीन ते पाच टक्के तीव्रतेचे ॲसेटिक ॲसिड, म्हणजेच व्हिनेगरमधले आम्ल. ते कापसाने लावून मिनिटभर थांबले की बिघडलेला भाग पांढरा पडतो. त्या पेशींत केंद्रके मोठी आणि प्रथिने दाटीने असतात. आम्लाने ती काही काळ गोठल्यासारखी होतात आणि उजेड परतवतात. दुसरे द्रावण आयोडीनचे. निरोगी पेशींत ग्लायकोजेन नावाची साखर साठलेली असते, ती आयोडीन शोषून गडद तपकिरी होते. बिघडलेल्या पेशींत ही साखर फारशी नसते, त्यामुळे तो भाग पिवळसर राहतो.

तिसरी खूण रक्तवाहिन्यांची. वाढू पाहणाऱ्या बिघाडाला रक्त लागते, म्हणून तिथे बारीक वाहिन्यांची जाळी किंवा ठिपके उमटतात. त्या पाहण्यासाठी हिरवा उजेड वापरतात. रक्तातील हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश शोषून घेते, त्यामुळे वाहिन्या आजूबाजूच्या गुलाबी भागातून काळ्या रेघांसारख्या उठून दिसतात.

मोठे यंत्र लहान कसे झाले?

हे सगळे मोठे करून दाखवणारे यंत्र म्हणजे कोल्पोस्कोप. जर्मनीत हॅम्बुर्गलगतच्या अल्टोना येथे हान्स हिन्सेलमन या डॉक्टरने ते १९२० च्या दशकाच्या मध्यावर तयार केले. त्यानंतर कितीतरी दशके त्याची घडण मूळची तशीच राहिली. यंत्र बाईच्या शरीराबाहेर, साधारण एक फूट अंतरावर उभे असते. एवढ्या लांबून आतला बारीक भाग स्पष्ट दिसायचा तर प्रखर दिवा हवा, चांगली भिंगे हवीत, जड स्टँड हवा, वीज हवी आणि चालवणारा तज्ज्ञ हवा. त्यामुळे ते शहरातल्या मोठ्या रुग्णालयात अडकून पडले. उच्च दर्जाच्या परदेशी डिजिटल यंत्राची किंमत १५ ते २० हजार डॉलरपर्यंत जाते.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात निम्मी रामानुजम यांच्या गटाने हे अंतरच कमी करायचे ठरवले. लांबून मोठे करून पाहण्याऐवजी कॅमेराच जवळ का नेऊ नये? त्यांनी पेनासारख्या निमुळत्या दांडीच्या टोकाला लहान कॅमेरा आणि भोवती एलईडी दिवे बसवले. ही दांडी योनीतून आत, गर्भाशयमुखापासून काही सेंटिमीटरवर नेता येते. इतक्या जवळून पाहायला मोठी भिंगे लागतच नाहीत. पांढरा आणि हिरवा असे दोन्ही उजेड त्यात आहेत. वीज आणि पडदा दोन्ही लॅपटॉप किंवा फोनकडून मिळतात. जंतुनाशकात बुडवून स्वच्छ करता यावे म्हणून ते पाणी शिरणार नाही असे बंद केलेले आहे. २०१५ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध झाली. पुढे पेरूसह अनेक देशांत मोठ्या यंत्रासोबत ताडून त्याचा अभ्यास झाला. एक हजार डॉलरच्या आत, म्हणजे आपल्याकडच्या साधारण लाखाच्या आत ते बसावे, हे उद्दिष्ट होते.

याच गटाने पुढे कॅलास्कोप नावाचे साधन केले. नेहमीच्या तपासणीत योनी उघडी धरण्यासाठी स्पेक्युलम नावाचे चिमट्यासारखे साधन घालतात. अनेक स्त्रियांना भीती वाटते ती त्याचीच. कॅलास्कोपला स्पेक्युलम लागत नाही आणि बाई ते स्वतःच्या हाताने आत घालू शकते. अमेरिका आणि घाना येथे त्याचे अभ्यास झाले. स्वीडनमध्ये तयार झालेले गायनोक्युलर हे हाती धरायचे छोटे कोल्पोस्कोप तर भारतात, कोलकात्यातही तपासून पाहिले गेले आहे. फोनचाच कॅमेरा वापरणारी इतर साधनेही बाजारात आहेत.

यंत्र छोटे झाले, पण पाहिलेल्याचा अर्थ कसा लावायचा? त्यासाठी स्वीडनमध्येच तयार झालेली 'स्वीड गुण' ही सोपी पद्धत आहे. पांढरेपणा, त्याची कड, रक्तवाहिन्या, डागाचा आकार आणि आयोडीनचा रंग अशा पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण द्यायचे. बेरीज दहापैकी. गुण जितके जास्त, तितकी गंभीर बिघाडाची शक्यता जास्त. परिचारिकेला शिकवता येईल इतकी ही पद्धत सरळ आहे.

नुसत्या डोळ्यांनी भागते का?

कोणी म्हणेल, आम्ल लावून डोळ्यांनीच पाहिले तर यंत्राची गरज काय? याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रातील दोन मोठ्या अभ्यासांत आहे. मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांना काही आठवडे प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून आम्लाची तपासणी करून घेतली, दर दोन वर्षांनी, चार वेळा. तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. वस्तीतली बाई वस्तीतल्या बाईचा जीव वाचवू शकते, हे त्यातून सिद्ध झाले.

त्याच सुमारास तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांवर दुसरा अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय त्यात होते. तिथे प्रत्येक तपासणी एकदाच केली गेली. आठ वर्षांनंतर असे दिसले की एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात ३४ मृत्यू झाले, तर तपासणी न झालेल्या, संख्येने थोड्या लहान गटात ६४. एकदाच केलेल्या आम्लाच्या तपासणीने मात्र मृत्यूंत ठोस घट दिसली नाही. डोळ्यांची तपासणी पाहणाऱ्याच्या हातखंड्यावर अवलंबून असते. एकदा चुकली तर पुढच्या वेळी सापडेल, पण पुढची वेळ यावी लागते.

२००९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या या निकालाची दखल जगाने घेतली. आज जागतिक आरोग्य संघटना पहिली तपासणी एचपीव्हीची करावी असे सुचवते: वयाच्या तिशीपासून, दर पाच ते दहा वर्षांनी. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांसाठी पंचविशीपासून, दर तीन ते पाच वर्षांनी. एचपीव्ही सापडला त्या स्त्रियांपैकी उपचार कोणाला लागतील हे ठरवायला मोठे करून पाहणे उपयोगी पडते, आणि तिथे खिशातल्या कोल्पोस्कोपची खरी जागा आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी एक दिवसाची मजुरी बुडवून जावे लागणारी पायरी त्यामुळे ग्रामीण रुग्णालयात किंवा वस्तीतल्या शिबिरातच होऊ शकते.

यंत्राला काय कळत नाही?

यंत्र दाखवते, निदान करत नाही. जंतुसंसर्गाने आलेली सूज आणि बरी होत असलेली जखमही आम्लाने पांढरी पडू शकते. पांढरा डाग म्हणजे कॅन्सर नव्हे. शंका असेल तर त्या जागेचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. ही बायोप्सी. शेवटचा शब्द तिचाच.

उलट बाजूही आहे. पाळी गेल्यानंतर पेशींची ती सीमा आत सरकते आणि बाहेरून दिसेनाशी होते. अशा वेळी चित्र स्वच्छ दिसले म्हणून निर्धास्त होऊन चालत नाही. फोटो पाहून संगणकाने निदान सांगण्याचेही प्रयत्न चालू आहेत. २०१९ मध्ये त्याचे उत्साहवर्धक निष्कर्ष आले, पण एका कॅमेऱ्याच्या चित्रांवर शिकवलेला संगणक दुसऱ्या कॅमेऱ्याच्या चित्रांवर चुकतो, हेही पुढे दिसले. संगणक मदतनीस होऊ शकेल. जबाबदारी त्याच्यावर टाकता येणार नाही.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. हे यंत्र पिशवीचे फक्त तोंड पाहते. पिशवीतील गाठी, अंडाशयाचे आजार यांसाठी सोनोग्राफी आणि वेगळ्या तपासण्या लागतात. पिशवी काढणे काही आजारांत खरोखर आवश्यक असते. पण "कॅन्सर होईल" हे कारण दिले जात असेल, तर त्याचा पुरावा मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. अंगावरून पांढरे जाणे हे बहुतेक वेळा संसर्गाचे लक्षण असते आणि ते औषधांनी बरे होते.

चित्र कोणाचे?

इतकी वर्षे गर्भाशयमुख फक्त डॉक्टरला दिसत होते. बाईने ऐकायचे आणि सही करायची. नव्या यंत्रात चित्र पडद्यावर येते आणि ते तिलाही दिसते. परिचारिका डागावर बोट ठेवून सांगू शकते, तेच चित्र दुसऱ्या डॉक्टरला दाखवून दुसरे मत घेता येते, मागच्या वर्षीच्या चित्राशी ताडून पाहता येते. बीडच्या बायांच्या हाती असा एक फोटो असता, तर "खराब झाली म्हणजे काय झाले, दाखवा" एवढे तरी त्यांना विचारता आले असते.

पण चित्र निघते म्हणजे जबाबदारीही येते. फोटो कोणाच्या फोनमध्ये राहणार, कोणाला पाठवणार, त्यावर बाईचे नाव असणार का, हे आधी सांगून तिची संमती घेतलीच पाहिजे. या यंत्राचा इतिहास इथे विसरता येत नाही. ज्या हिन्सेलमनने कोल्पोस्कोप बनवला, त्याला दुसऱ्या महायुद्धानंतर रोमा स्त्रियांच्या सक्तीच्या नसबंदीत सहभागी असल्याबद्दल शिक्षा झाली. आउश्वित्झच्या छळछावणीत कैदी ज्यू स्त्रियांवर याच यंत्राने प्रयोग झाले. ज्यांच्या 'नाही'ला किंमत नाही, त्यांच्या शरीरावर विज्ञान सर्वांत आधी हात टाकते.

हा प्रश्न केवळ दूर देशाचा नाही. मुंबई आणि उस्मानाबादच्या ज्या अभ्यासांतून एवढे ज्ञान मिळाले, त्यांतील तुलनेच्या गटातल्या स्त्रियांना तपासणी दिली गेली नव्हती. आरोग्याची माहिती तेवढी दिली होती. यावर पुढे वैद्यकीय नीतीच्या अभ्यासकांनी कडक टीका केली. देशात तेव्हा अशी नियमित तपासणी कुठेच नव्हती, असे संशोधकांचे उत्तर होते. दोन्ही बाजू वाचाव्यात. पण ज्या गरीब स्त्रियांमुळे जगाला उत्तर मिळाले, त्यांच्याच लेकी-सुनांपर्यंत ती तपासणी आज पोहोचली आहे का, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे.

पाहिल्यानंतर पुढे काय?

कॅन्सरपूर्व डाग सापडला तर उपचार मोठा नसतो. तापवलेल्या टोकाने तो भाग जाळून काढतात. त्याला थर्मल ॲब्लेशन म्हणतात. हातात धरायचे, बॅटरीवर चालणारे साधन त्यासाठी मिळते आणि काम मिनिटाभराच्या आत होते. दुसरी पद्धत अतिथंड वायूने गोठवण्याची. डाग मोठा असेल किंवा आत शिरलेला असेल, तर विजेच्या तारेच्या फाशाने तेवढा भाग कापून काढतात. पिशवी काढावी लागत नाही.

अडते ते इथेच. शिबिरात तपासणी होते, फोटो निघतो, यादी तयार होते आणि डाग असलेली बाई पुन्हा कोणाला सापडत नाही. हंगाम सुरू झालेला असतो, ती ऊसतोडीला गेलेली असते, किंवा जिल्ह्याला जायला बसभाडे नसते. तपासणी करून उपचार न देणे म्हणजे फक्त भीती वाटणे. म्हणून यंत्र कितीही स्वस्त झाले तरी पहिला हिशेब उपचाराचा मांडला पाहिजे.

सरकारी आराखड्यानुसार तीस वर्षांवरील सर्वांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी दर पाच वर्षांनी व्हायला हवी. आयुष्मान आरोग्य मंदिर आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मागण्याचा आपला अधिकार आहे. कॅन्सरचे निदान झालेच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचारांची सोय आहे. योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतात, त्यांना रेशनकार्ड घेऊन भेटावे.

तपासणीला जाताना विचारायचे प्रश्न

१. आज एचपीव्हीची चाचणी होणार आहे, की फक्त आम्ल लावून पाहणार?
२. तपासणारी व्यक्ती कोण? स्त्री परिचारिका मिळेल का? पडद्याची सोय आहे का?
३. साधन प्रत्येकीनंतर जंतुनाशकात निर्जंतुक केले जाते का?
४. फोटो काढणार असाल तर तो कुठे राहील? मला दाखवाल का? त्याची प्रत मिळेल का?
५. डाग सापडला तर उपचार कुठे, कधी आणि किती खर्चात? आजच होऊ शकतो का?
६. पिशवी काढायला सांगत असाल तर कारण लेखी द्या. बायोप्सीचा आणि सोनोग्राफीचा अहवाल कुठे आहे?

पाळी चालू असताना तपासणी टाळावी. संबंधानंतर रक्त जाणे, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, दुर्गंधीयुक्त स्राव ही लक्षणे असतील तर शिबिराची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे. लस घेतलेल्या मुलींनीही तिशीनंतर तपासणी करायचीच आहे, कारण लस सर्व प्रकारच्या विषाणूंना अडवत नाही.

दवाखान्यात आपल्या बायांना अंतरावरूनच विचारून, हात न लावता गोळ्या देऊन परत पाठवल्याचे अनुभव जुने आहेत. ही तपासणी हात लावल्याशिवाय, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय होतच नाही. म्हणून ती मागणे हे आरोग्याइतकेच सन्मानाचेही काम आहे. वस्तीतील महिला मंडळांनी तिशीच्या पुढच्या भगिनींची यादी करावी, आशाताईला सोबत घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्यावा आणि शिबिरासाठी विहाराचे सभागृह देऊ करावे. अर्जात एक अट ठळक लिहावी: तपासणीच्या दिवशीच उपचाराची तारीख मिळाली पाहिजे. आणि यादीतली प्रत्येक बाई त्या तारखेला पोहोचली की नाही, हे मंडळाने स्वतः पाहावे.